रत्नागिरीत उतरायचं ते कुठल्या आळीत? नाटक, पालखी आणि जुन्या वाटांसाठी येणाऱ्यांना

माझी मावसबहीण एकदा पुण्याहून खास संगीत नाटकासाठी रत्नागिरीला आली होती. खोली तिने आधीच घेतली होती, गणपतीपुळ्याच्या वाटेवर, खिडकीतून समुद्र दिसणारी. नाटक चांगलं रंगलं. तिसरा अंक सुरू झाला आणि बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्याचा फोन आला, ताई आता निघा, मला परत यायचंय. ती उठली. ज्या भैरवीसाठी एवढा घाट उतरून आली, ती तिला मिळालीच नाही.

तेव्हापासून कोणी विचारलं की मुक्काम कुठे करू, तर समुद्र किती जवळ आहे ते मी सांगत बसत नाही. रात्री साडेबाराला खोलीपर्यंत चालत येता येईल का, ते आधी बघायला सांगते. कारण कोकणातलं बघण्या-ऐकण्यासारखं पुष्कळसं दिवेलागणीनंतर सुरू होतं. नमन-खेळे, म्हणजे इथलं लोकनाट्य, रात्रभर चालतात. जत्रेतला दशावतार पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास उभा राहतो आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी कधी येईल ते पालखीच ठरवते. टिळकांचं घर, थिबाचा राजवाडा या गोष्टी उद्याही तिथेच असतील. रात्रीचं मात्र हुकलं की गेलं.

माझं माहेर कुडाळकडचं आणि सासर रत्नागिरीचं. त्यामुळे खाली लिहिलंय त्यात रत्नागिरी जास्त आहे, सावंतवाडी-मालवण थोडं.

आधी तिथी, मग आळी

आळी निवडण्याआधी पंचांग उघडा. कुठल्या महिन्यात येताय त्यावर गावाचा कुठला भाग जागा असणार हे ठरतं.

दिवाळीनंतर थंडीची चाहूल लागली की राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस येतात. हौशी संस्था वर्षभर तालमी करून उतरतात आणि प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी निम्मे लोक रंगमंचावरच्यांना नावाने ओळखत असतात. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव होतो, त्याच महिन्यात कीर्तनसंध्याही असते. फाल्गुनात शिमगा. नमन-खेळ्यांचे दिवसही तेच. एप्रिल-मे आंब्याचा, तेव्हा लोक येतात पुष्कळ, पण गावात कार्यक्रम कमी. श्रावणात नारळी पौर्णिमा. तेव्हा मासेमारीची १ जून ते ३१ जुलैची बंदी उठलेली असते आणि बंदरात पुन्हा वर्दळ सुरू होते.

भाद्रपदातल्या गणपतीला मात्र पहिल्यांदा येणाऱ्याने येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वे, एसटी, महामार्ग, सगळं चाकरमान्यांनी भरलेलं असतं, आणि ते त्यांचंच असायला हवं. शिवाय कोकणातला गणपती घरातला असतो. ओळखीचं घर असेल तर यासारखे दिवस नाहीत. नसेल तर तुम्ही दारोदारच्या आरत्या रस्त्यावरून ऐकाल, एवढंच.

शिमग्याला आणि मे महिन्यात आणखी एक अडचण असते, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. घरगुती मुक्कामाची सोय असलेली कित्येक घरं नेमकी याच दिवसांत खोल्या देत नाहीत, कारण मुंबईहून त्यांचीच माणसं आलेली असतात. म्हणून शिमग्यासाठी यायचं तर दोन-तीन महिने आधी बोलून ठेवा, आणि घर मिळालं नाही तर मुकाट्याने लॉज घ्या.

गाव कसं वसलंय ते समजून घ्या

रत्नागिरी दोन पातळ्यांवर आहे. खाली जुनं गाव, समुद्राच्या जवळ, आळ्या आणि पाखाड्यांचं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांचं. वर सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, त्यावर माळनाका, मारुती मंदिर, शिवाजीनगर, थिबा राजवाडा. दोन्हींच्या मध्ये चढ आहे. नकाशात हा चढ दिसत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला चालायला लागलात की कळतो.

रेल्वे स्टेशन या दोन्हींपासून लांब, कुवारबावच्या बाजूला, गावापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. स्टेशनाजवळ आणि महामार्गालगत हॉटेलं बरी आहेत, नवी आहेत, गाडी लावायला जागा आहे. पहाटेची गाडी पकडायची असेल तर शेवटची रात्र तिथे काढा. बाकीच्या रात्री नको. तिथून गावात यायला-जायलाच दिवस जातो आणि रात्री नऊनंतर तुम्ही रिक्षाच्या स्वाधीन.

शहर वाहतुकीच्या गाड्या एसटीच चालवते. दिवसा त्या उपयोगाच्या आहेत. रात्री नाटक सुटल्यावर त्यांची वाट बघू नका.

कुठली आळी कोणासाठी

जुन्या वास्तू, देवळं, वाचनालय असं पायी बघणाऱ्याने खालच्या गावात राहावं: गोखले नाका, राम आळी, टिळक आळी, लक्ष्मी चौक हा पट्टा. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. २३ जुलै १८५६ ला ते इथे जन्मले. जांभ्याची जोती, उतरती कौलं, माड-पोफळींत बसलेलं घर. कोकणी घराची रचना कळायला हे एक घर सावकाश बघितलं तरी पुरे. बहुतेक लोक दहा मिनिटांत फोटो काढून निघतात. तुम्ही जवळ राहत असाल तर सकाळी दार उघडताना जा, गर्दीच्या सहली यायच्या आत.

याच जुन्या भागात पतितपावन मंदिर आहे. सावरकर १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी पैसा घालून उभं केलं. ज्यांना त्या काळातलं गाव समजून घ्यायचंय त्यांनी आधी इथल्या जुन्या विठ्ठल मंदिरात जावं आणि मग पतितपावनला. एका देवळाच्या पायरीवरून अडवलं जाणं आणि दुसऱ्याच्या गाभाऱ्यापर्यंत जाता येणं, यातलं अंतर त्या वाटेने चालताना जसं जाणवतं तसं पुस्तकात जाणवत नाही.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, महाराष्ट्रातल्या सर्वात जुन्या वाचनालयांपैकी एक. पाहुण्यांनी तिथे जाऊन फलक वाचावा असं मी आवर्जून सांगते, कारण गावात या आठवड्यात काय आहे, कुणाचं व्याख्यान, कुठली मैफल, हे अजूनही तिथल्या आणि नाक्यांवरच्या फलकांवर कळतं.

या भागात राहण्याचे तोटेही सांगायला हवेत. लॉज जुने आहेत, रस्ते अरुंद, चारचाकी लावायची पंचाईत. बाजारामुळे सकाळपासून गलका. पण जेवायला घरगुती खानावळी हाकेच्या अंतरावर, आणि रात्री परत येताना पानपट्टीवाला जागा असतो.

नाटक आणि गाण्यासाठी येणाऱ्याने वर, मारुती मंदिर-माळनाका-शिवाजीनगर या भागात राहावं. स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह इथेच मारुती मंदिराच्या बाजूला आहे. व्यावसायिक नाटक रात्री साडेनऊला सुरू झालं तर बारा-साडेबारा वाजतातच, संगीत नाटकाला त्याहून उशीर. इथली हॉटेलं साधी ते मध्यम, रस्ते रुंद, दिव्यांचे. एकट्या बाईने रात्री चालत यायला मला हा भाग सगळ्यात बरा वाटतो. मी स्वतः कितीदा तरी आलेय. आणि खालच्या गावात राहून नाटकाला जायचं ठरवलंत तर जाताना चढ, येताना उतार, हे तरी सोयीचं आहे.

थिबा राजवाडा इथून चालत जाण्यासारखा. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि हा वाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं. सहा वर्षांनी, १९१६ साली, राजा इथेच गेला. वाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. शासकीय संग्रहालयं सोमवारी सहसा बंद असतात, तेव्हा सोमवार दुसऱ्या कशाला तरी ठेवा. संध्याकाळी तिथून थिबा पॉइंटवर जा. खाली भाट्याची खाडी, राजिवड्याच्या होड्या आणि पलीकडे भाट्याची सुरूची रांग दिसते. समुद्रापलीकडच्या आपल्या देशाकडे तोंड करून तो राजा इथे बसत असेल असं लोक म्हणतात. खरं तर ब्रह्मदेश उलट्या दिशेला, पाठीमागे आहे. त्या काठावर उभं राहिलं की हे मनात येतंच.

झाडगाव आणि शिमगा

शिमग्यासाठी येणार असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि झाडगाव, खालची आळी, मुरुगवाडा, मांडवी या बाजूला जागा शोधा. रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरी, बारा वाड्यांचा राजा. देऊळ खालच्या आळीत आणि शिमग्यात पालखी बसते ती झाडगावच्या सहाणेवर. सहाण म्हणजे पालखी बसवायचा ठरलेला कट्टा. त्या चार-पाच दिवसांत गावाचा मध्य तिथे सरकतो.

देवळापासून सहाणेपर्यंत गर्दीत चालणं वेगळं आणि तुम्ही राहताय त्या घरी पालखी येणं वेगळं. दुसरं मिळावं म्हणूनच या वाड्यांत राहायचं. सकाळपासून अंगण झाडून, सडा घालून, रांगोळी काढून ठेवतात. पाट मांडतात. ढोल आधी लांब वाजतो, मग वाटतं आला, आणि परत लांब जातो, कारण पालखी आधी शेजाऱ्यांकडे वळलेली असते. कधी दुपारी सांगितलेली पालखी रात्री दोनला येते. घरातलं कोणी झोपत नाही, मुलं पडवीत अंथरुणावर कपडे न बदलता पडून असतात. ढोल दारात आला की सगळे एकदम उठतात. बायका ओटी भरतात, नारळ ठेवतात, मानकरी गाऱ्हाणं घालतो. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन, मुंबईत असलेल्याचं, आजारी असलेल्याचं, परीक्षेला बसलेल्या पोराचं. प्रत्येक वाक्यानंतर सगळे म्हणतात, होय महाराजा. पाहुण्याचंही नाव विचारून घेतात. माझ्या सासूबाईंनी माझ्या पहिल्या शिमग्यात माझं माहेरचं गावही त्या गाऱ्हाण्यात घालायला लावलं होतं.

घरात असाल तर काही पथ्यं पाळा. पालखी नाचवली जात असताना फोटोसाठी मध्ये घुसू नका. खांदा द्यायला कोणी बोलावलं तरच द्या. नारळ आणि ओटीचं सामान यजमानीणबाईंना आधीच विचारून आणून ठेवा; ही भेट त्यांना खोलीच्या भाड्यापेक्षा जास्त आवडेल. आणि त्या दिवशी वेळेवर जेवणाची अपेक्षा ठेवू नका.

मांडवीला राहिलात तर काळ्या वाळूचा किनारा आणि जेट्टी दोन मिनिटांवर मिळते. समुद्र हवाच असेल त्यांच्यासाठी मांडवी हीच तडजोड मी सुचवते: लाटांचा आवाज ऐकू येतो आणि टिळक आळीपर्यंत पायी जाताही येतं.

पेठकिल्ल्याकडे रत्नदुर्ग, भगवतीचं देऊळ, भागेश्वर. जवळच मिरकरवाडा बंदर, जिथे संध्याकाळी बोटी लागल्या की माशांचा लिलाव बघावा. राजिवडा आणि मिरकरवाड्यात मुसलमान मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. रमजानच्या संध्याकाळी त्या बाजूला अवश्य चक्कर मारा. राहायला मात्र या भागात सोय थोडी, आणि माशांच्या वासाची सवय नसेल तर पहिली रात्र जड जाते.

भाट्ये पुलापलीकडे. शांत, सुंदर, झरी विनायकाचं देऊळ. पण रात्री पुलावरून चालत यायचं म्हणजे अंतर आहे. आराम करायला येताय तर जा.

फोनवर काय विचारावं

संकेतस्थळावरचे फोटो बघून खोली घेऊ नका. फोन करा आणि बोला. कोकणात माणूस फोनवर बोलला की त्याला तुमची काळजी वाटायला लागते, आणि मग त्याच्याकडे जागा नसली तरी तो शेजारचं घर सुचवतो.

पहिला प्रश्न: रात्री साडेबाराला आलो तर फाटक उघडं असेल का, की कोणाला उठवावं लागेल? कित्येक घरगुती ठिकाणी दहाला कडी लागते. आधी सांगितलंत तर किल्ली मिळते. न सांगता उशिरा आलात तर म्हातारी माणसं जागी राहून वाट बघतात, ते बरं नाही. दुसरा प्रश्न चढाचा. 'रस्त्यापासून जवळच आहे' याचा अर्थ चाळीस पायऱ्यांची पाखाडी असू शकतो. सोबत वयस्कर असतील तर पायऱ्या किती ते आकड्यात विचारा. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि तरुण माणूसही घसरतो. तिसरं पाणी. एप्रिल-मेमध्ये नळाला कधी पाणी येतं, विहीर आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

मग जेवण. घरात मासे होतात का, आणि कुठल्या वारी होत नाहीत. सोमवार, गुरुवार, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, प्रत्येक घराचं वेगळं असतं. शाकाहारी असाल तर सुरुवातीलाच सांगा. आमटी, फणसाची भाजी, सोलकढी, आंबोळ्या असं इतकं येईल की कमी पडणार नाही.

आणि शेवटी हे विचारा: तुमच्या वाडीत या आठवड्यात काही आहे का? वाडीतल्या सत्यनारायणाच्या पूजेला रात्री नमन ठेवलेलं असतं, देवळात सप्ताह असतो, शाळेच्या पटांगणात एकांकिका असते. हे कुठल्याही जाहिरातीत येत नाही. मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं नमन असंच होतं, एका वाडीच्या खळ्यात, शंभरेक माणसांसमोर.

किती रात्री, कुठे कुठे

रत्नागिरीत किमान तीन रात्री धरा. शक्य असल्यास दोन वर, दोन खाली. एक दिवस वाहन ठरवून सड्यावरची कातळशिल्पं बघायला ठेवा: उक्षी, जांभरूण, कशेळी. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की एका नजरेत मावत नाही, त्याच्या आत इतर प्राणी कोरलेत. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात आणि कातळही तापलेला नसतो. पावसाळ्यात आणि लगेच नंतर गवताखाली बरंच झाकलं जातं. उक्षीला जाताना गावात विचारून जा, गावकऱ्यांनी ते शिल्प जपलंय.

दशावतारासाठी मात्र रत्नागिरीत थांबू नका, खाली सिंधुदुर्गात या. कार्तिकी पौर्णिमेपासून जत्रा लागतात आणि मंडळी गावोगाव फिरतात. मुक्काम कुडाळात किंवा सावंतवाडीत. कुडाळ कारण स्टेशन गावाला लागून आहे, आणि पिंगुळी दोन-तीन किलोमीटरवर. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं कला आंगण बघायला अर्धा दिवस द्या.

सावंतवाडीत मोती तलावाच्या भोवती राहा, दुसरीकडे कुठेही नको. राजवाडा, त्यातलं गंजिफांचं (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकामाचं दालन, लाकडी खेळण्यांची चितारआळी, सगळं तलावाच्या काठाने पायी होतं. स्टेशन इथेही शहराबाहेर आहे.

मालवणात बंदर जेट्टी ते भरड नाका या पट्ट्यात राहिलात तर किल्ल्याच्या होड्या, बाजार, मामा वरेरकर नाट्यगृह सगळं जवळ. दांडीला राहिलात तर मोरयाचा धोंडा सकाळी चालत बघता येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधणीला १६६४ साली सुरुवात झाली ती तिथे पूजा करून. नारळी पौर्णिमेला जेट्टीजवळच राहा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने, म्हणजे तिची संमती विचारून, ठरते, तेव्हा तिकीट आधी काढून ठेवू नका. तारीख जाहीर झाली की लगेच काढा, आणि मालवणात जागा मिळाली नाही तर कणकवलीत बघा.

पहिली संध्याकाळ

कुठेही उतरलात तरी पहिल्या संध्याकाळी लांब जाऊ नका. सामान ठेवा, चहा घ्या आणि उजेड असताना एकदा आपल्या खोलीपासून नाट्यगृहापर्यंत, नाहीतर सहाणेपर्यंत, नाहीतर देवळापर्यंत चालून या. दिवे कुठे आहेत, कुत्री कुठल्या वळणावर असतात, पाखाडीची कुठली पायरी सुटली आहे, ते बघून ठेवा. वाटेत कोणी पडवीतून विचारेल, कुठचे तुम्ही? मालवणात विचारतील, खंयसून इलास? थांबून नीट उत्तर द्या, कोणाकडे उतरलात तेही सांगा. रात्री त्याच वाटेने परत येताना त्या पडवीतला दिवा बहुतेक चालू असेल, आणि बॅटरी विसरलात तर तोच माणूस कोपऱ्यापर्यंत सोबत येईल.